सक्रिय दीर्घिका: नावं नंतर, आधी कोन बघ

सक्रिय दीर्घिका म्हणजे मधलं कृष्णविवर वायू गिळत असल्यामुळे जिचा गाभा झळाळतो ती. सेफर्ट, क्वेसार, ब्लेझार ही तिच्या प्रकारांची नावं पाठ करत बसू नकोस. आधी दोनच गोष्टी बघ: कृष्णविवर किती गिळतंय, आणि आपण कुठल्या बाजूने बघतोय. एम८७ या दीर्घिकेचं कृष्णविवर सुमारे ६.५ अब्ज सूर्यांएवढं, तरी गाभा मंद, कारण खाणं तुटपुंजं. एम७७ या सेफर्ट दीर्घिकेचं त्यापुढे चिमुकलं, पण खादाड. एम७७ च्या साध्या वर्णपटात रुंद रेषा (कृष्णविवराजवळच्या वेगवान वायूची खूण) दिसत नाहीत. १९८५ साली ध्रुवित, म्हणजे विखुरून आपल्यापर्यंत आलेल्या, प्रकाशात त्या सापडल्या. म्हणजे आपल्या बाजूने त्या धुळीच्या कड्याआड होत्या! हा पुरावा नीट वाचच. ब्लेझारचा झोत थेट आपल्याकडे रोखलेला, म्हणून तो जास्तच तेजस्वी दिसतो; त्यामुळे तेजावरून वस्तुमान ठरवू नकोस. आठ इंची दुर्बीण मिळाली तर कन्या राशीतला ३सी २७३ हा क्वेसार शोध. १२.९ प्रतीचा, म्हणजे बराच मंद आहे, आकाश काळोखं हवं.