आठवीतल्या मुलीला चित्रकला, पेटी (हार्मोनियम) आणि नाटक तिन्ही शिकायचं आहे. गावात राहून दहावीपर्यंत हे कसं जमवावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी यंदा आठवीत गेली, घर कुडाळजवळच्या गावात, शाळेत चित्रकलेचा आठवड्याला एखाद-दुसरा तास, पेटी शिकवणारे बुवा गावातच आहेत, नाटक म्हणजे गॅदरिंगपुरतं. तिन्ही ठेवावं का, परीक्षा द्याव्यात का, आणि दहावीला त्याचे गुण मिळतात का?

तिन्ही ठेवा, पण तिन्हींना सारखा वेळ देऊ नका. माझं स्पष्ट मत असं: परीक्षा आणि गुणांसाठी चित्रकला, रोजच्या सवयीसाठी पेटी आणि हंगामात नाटक. तिन्हींचा रोज अर्धा-अर्धा तास असं वेळापत्रक भिंतीवर लावलं तर ते गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आधी गुणांचा प्रश्न मिटवून टाकतो, कारण त्यावर पुढचं गणित ठरतं. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा दोन, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर दहावीला 7, बी असेल तर 5 आणि सी असेल तर 3 वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्यात मान्यताप्राप्त संस्थेच्या 3 परीक्षा झाल्या असतील तर 10 आणि 5 झाल्या असतील तर 15. आकड्यांवरून संगीत फायद्याचं वाटतं, पण तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण अशा क्रमाने चढत जातात आणि साधारण वर्षाला एक धरावी लागते. सत्रं दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आठवीच्या नोव्हेंबरात प्रारंभिक दिली, नववीच्या नोव्हेंबरात प्रवेशिका प्रथम, तर तिसरी परीक्षा येते थेट दहावीच्या नोव्हेंबरात, आणि शाळा वाढीव गुणांचा प्रस्ताव मंडळाकडे पाठवते त्या मुदतीत तिचा निकाल हातात पडेलच असं धरून चालू नये. पाच परीक्षा हव्या असतील तर पाचवीतच सुरुवात झालेली असावी लागते. म्हणून पेटी शिकताना गुणांचा विचार मनातून काढून टाका. चित्रकलेचं मात्र व्यवस्थित बसतं: आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट, दहावीचं वर्ष मोकळं.

आता एलिमेंटरीची तयारी. परीक्षा बहुतेक वर्षी सप्टेंबरअखेरीस असते, फॉर्म शाळेतून चित्रकलेच्या सरांकडूनच भरला जातो. वस्तुचित्र (समोरच्या वस्तू पाहून), स्मरणचित्र (आठवणीतून प्रसंग), संकल्पचित्र (नक्षीकाम), आणि कर्तव्य भूमितीबरोबर (आकृत्यांच्या रचना) अक्षरलेखन असे पेपर. कोकणात अडचण अशी की परीक्षेच्या तोंडावर गणपती येतात आणि हात सगळा भजनात, आरतीत, पाहुण्यांत जातो. म्हणून जून-जुलैमध्येच वस्तुचित्राचा पाया पक्का करून घ्यायचा आणि विसर्जनानंतरचे दिवस फक्त घड्याळ लावून पूर्ण पेपर काढायला ठेवायचे.

वस्तुचित्रात मुलांचे गुण कुठे जातात ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच श्रेणी ठरते. समोर कळशी, नारळ आणि एखादं फडकं मांडलंय असं समजा. मूल पहिल्या मिनिटालाच कळशीचं तोंड काढायला घेतं आणि चित्र कागदाच्या मधोमध एवढंसं होऊन बसतं. आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. मग हात ताठ लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर कळशीची उंची मोजायची आणि तीच मोजणी आडवी धरून रुंदीत किती वेळा बसते ते पाहायचं. सगळी मांडणी मिळून कागदाचा साधारण दोन-तृतीयांश भाग व्यापेल एवढ्या हलक्या खुणा करायच्या. कळशीतून उभा मध्य अक्ष काढायचा आणि दोन्ही बाजू त्याच्यापासून मापून घ्यायच्या, नाहीतर कळशी एका अंगाला सुजल्यासारखी दिसते.

सर्वांत जास्त चुकतो तो बुडाचा गोल. आपण कळशीकडे किंचित वरून बघत असतो. तोंड डोळ्याच्या पातळीला जवळ असतं म्हणून त्याचा लंबगोल चपटा दिसतो. बूड खाली, पातळीपासून लांब, म्हणून त्याची कड जास्त गोलाईने वळते. मुलं नेमकं उलटं करतात: तोंड मस्त गोल आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ, कारण कळशी जमिनीवर सपाट बसते हे त्यांना माहीत असतं आणि डोळ्यांपेक्षा माहितीवर जास्त विश्वास असतो. लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे येऊ द्यायचे नाहीत, तिथेही रेषा वळलीच पाहिजे. घरी सराव सोपा आहे. तांब्यात पाणी भरा, तांब्या जमिनीवर, मग पाटावर, मग टेबलावर ठेवा आणि प्रत्येक वेळी फक्त तोंडाचा गोल काढायला सांगा. आठवडाभरात हात सुधारतो.

रंगात दोन सूचना पुरेत. सावलीला काळा रंग वापरू नये. निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून गडद करावा, सावली जिवंत राहते. आणि जमिनीवर पडलेली सावली वस्तूच्या बुडाला चिकटलेलीच हवी, मध्ये पांढरी फट राहिली की कळशी तरंगायला लागते. पेपरात मी पहिला अर्धा तास रेखाटनाला देईन, तासभर रंगाला आणि उरलेला वेळ गडद जागा आणि कडा नीट करायला.

स्मरणचित्राला विषय ओळखीचेच येतात: बाजार, सण, शेतातलं काम. इथल्या मुलांना मासळीबाजार, भातलावणी, शिमग्याची पालखी डोळ्यांसमोर असते, तरी कागदावर सगळी माणसं एका रांगेत, एकाच उंचीची, पुढे तोंड करून उभी. पुढे दोन-तीन मोठी माणसं काहीतरी करताना, मागे लहान होत जाणारी बाकीची, एवढी मांडणी पाठ असावी. मोठ्या माणसाची उंची डोक्याच्या साधारण साडेसात पट. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं. भातलावणीतल्या बायका काढायच्या तर कमरेत वाकलेल्या काढायला शिकायचंच, त्याला पळवाट नाही.

संकल्पचित्राला पोस्टर कलर सायीइतका दाट हवा. पातळ झाला की पट्टे दिसतात, घट्ट झाला की वाळून तडकतो. भूमितीत रचनेच्या बारीक रेषा खोडू नका, त्या दिसायला हव्यात, फक्त उत्तराची आकृती ठळक करा. कंपासात टूएच शिसं, टोक काढलेलं.

पावसाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आषाढ-श्रावणात आपल्याकडे कागद हवेतलं पाणी पितो. ओलसर कागदावर जलरंग लावला की तो तंतूंत पसरतो, डाग पडतात, कड धरत नाही. ड्रॉइंग पेपर भिंतीला टेकवून किंवा कपाटाच्या खालच्या खणात ठेवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत, वरखाली वर्तमानपत्राची कोरडी घडी घालून, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा आणि वापरायच्या आधी वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवा. परीक्षेच्या हॉलमध्ये इस्त्री नसणार, म्हणून पाणी कमी घेऊन रंगवायची आणि एक भाग वाळेपर्यंत दूरच्या दुसऱ्या भागावर काम करायची सवय आधीपासून लावा. पोस्टर कलरच्या बाटलीत ओला ब्रश बुडवला की पंधरा दिवसांत बुरशी धरते. रंग काडीने पॅलेटवर काढून घ्यावा.

हाच पाऊस पेटीलाही छळतो. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आतल्या पितळी सुरांवर (रीडवर) हिरवट थर येतो आणि एखादा सूर घुसमटल्यासारखा वाजतो. पट्टी अडकली म्हणून तेल सोडू नका, धूळ धरून ती कायमची बसते. पेटी उन्हात ठेवणंही वाईट, भात्याचे जोड सुटतात. जमिनीवर न ठेवता पाटावर, जाड सुती कापडात गुंडाळून ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका आणि रोज वाजवा. रोज भाता हलला की आतली हवा कोंडून राहत नाही. सूर साफ करायचे तर ते कारागिराचं काम. घरी खरवडलं की सूर चढतो किंवा उतरतो.

पेटीचा रियाज शाळा सांभाळून चाळीस मिनिटं धरा, पण रोज. पहिली दहा मिनिटं एकच सूर दाबून भाता इतका सावकाश चालवायचा की आवाजात हेलकावा येणार नाही. मुलं प्रत्येक सुराला भात्याला झटका देतात आणि मग गाणं धापा टाकल्यासारखं वाजतं. पुढची पंधरा मिनिटं अलंकार (सुरांचे पलटे), ठाय (एकपट) आणि दुगुन (दुप्पट), मूळ लय न बदलता. उरलेला वेळ बंदिश. आणि तीनताल, झपताल, एकताल, दादरा, केरवा हे हातावर टाळी-खाली देऊन म्हणता आलेच पाहिजेत. परीक्षक ते विचारतात, आणि उत्तम वाजवणारी मुलं तिथे अडखळतात, कारण ताल बोटांत असतो, तोंडात नसतो. गावातल्या भजनात तिला जरूर बसवा, लय तिथे जशी पक्की होते तशी क्लासात होत नाही. फक्त पहिलं वर्षभर भजनाच्या द्रुत लयीत बोटं टाकायला देऊ नका. झांज किंवा टाळ धरू दे. घाईत लागलेली बोटांची सवय नंतर सुटता सुटत नाही. परीक्षा द्यायची असेल तर बुवा कोणत्या परीक्षा केंद्रातर्फे विद्यार्थी बसवतात ते आधी विचारा. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो, वाजवणं आणि तोंडी प्रश्न एवढंच.

नाटकाचं शिक्षण तुमच्या दारात आहे, आणि ते हुकवू नये असं मला मनापासून वाटतं. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की तिला दशावतार (आपल्याकडचं जत्रेतलं लोकनाट्य) दाखवा, पण समोर वही घेऊन. लिखित संहिता नसताना संवाद कसा पुढे सरकतो, पायपेटी आणि पखवाज पात्राच्या प्रवेशाला कशी हवा करतात, एक बाकडं कधी सिंहासन तर कधी डोंगर कसं होतं, संकासूर लोकांना कसा ताब्यात घेतो, हे टिपायला सांगा. रात्रभर बसायची गरज नाही, आडदशावतार (सुरुवातीचा भाग) आणि आख्यानाचा (मुख्य कथेचा) पहिला तास पुरे. पिंगुळी तर तुम्हाला जवळच आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या एकदा नीट पाहिल्या की चित्र, गाणं आणि नाटक एकाच माणसाच्या हातात कसं असतं ते तिला दिसेल. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

घरच्या सरावासाठी पडवी आणि खळं (अंगण) पुरेसं आहे. ती पडवीत उभी राहील, तुम्ही खळ्याच्या पलीकडच्या टोकाला. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद न ओरडता तुमच्यापर्यंत पोचला पाहिजे. गळा ताणला की शिरा दिसतात. श्वास पोटातून घेऊन वाक्य अर्थाच्या ठिकाणी तोडायला शिकवा. मालवणी हेल घालवायला जाऊ नका. ण-न, ळ-ल स्वच्छ आले की प्रमाण मराठी आपोआप उभी राहते आणि मालवणी तिच्या हातातलं दुसरं हत्यार होतं. गॅदरिंगच्या नाटकात एक वर्ष तिला भूमिका न घेता सामान, संगीत किंवा प्रकाश सांभाळायला सांगा. कोणती वस्तू कोणत्या विंगेत, कोणत्या वाक्यावर, याची यादी करणारं मूल नाटक जास्त लवकर शिकतं.

दहावीनंतरचं आत्ताच ठरवायची घाई नाही. तरी माहीत असावं म्हणून: चित्रकलेत पुढे जायचं तर सावर्डे आणि देवरुख इथे कलामहाविद्यालयं आहेत, मुंबईला जावंच लागतं असं नाही. बारावीनंतर बीएफएसाठी (कलेच्या पदवीसाठी) सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा असते आणि तिथेही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हेच पुन्हा भेटतं. संगीत किंवा नाटकात पदवी करायची तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. अकरावीला कला शाखेत चित्रकला आणि संगीत विषय आहेत खरे, पण जवळचं कॉलेज ते प्रत्यक्ष शिकवतं का, हे प्रवेशाआधी तिथे जाऊन विचारा.

शेवटी कागदपत्रांचं. रेखाकला किंवा गांधर्वचा फॉर्म भरताना नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आहे अगदी तसंच लिहा, वडिलांच्या नावासकट. एका प्रमाणपत्रावर पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर घरचं नाव असलं की दहावीला प्रस्ताव अडकतो. तो प्रस्ताव शाळाच रत्नागिरीच्या कोकण विभागीय मंडळाकडे पाठवते, म्हणून दहावीच्या दिवाळीआधी प्रमाणपत्रांच्या छायाप्रती मुख्याध्यापकांकडे देऊन पोच घ्या.