पेपरात किडनीवरचं एवढं संशोधन येतं, त्यातलं ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या आई-वडिलांच्या कामाचं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लातूरला बी.एस्सी. करताय, आई-वडील वीस वर्षांपासून कोयत्यावर जातात, गावात दोघंजण डायलिसिसवर आहेत आणि दोघांनाही शुगर नव्हती. डुकराची किडनी माणसाला बसवल्याची बातमी वाचून तुम्हाला वाटलं, जग इतकं पुढं गेलंय तर त्यातलं आपल्या घरापर्यंत काय येतं?

मी बीड जिल्ह्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. पण माझे माय-दादाही, म्हणजे आई-वडीलही, कोयत्यावर होते आणि दादांची शेवटची दीड वर्षं मशिनवर गेली. त्यामुळं किडनीवरचं जे हाती लागेल ते मी वाचतो. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की आपल्या सगळ्यात कामाचं संशोधन डुकरांवरचं नाही, उसाच्या फडातलं आहे. ते आपल्या फडातलं नाही एवढंच.

डुकराचं आधी थोडक्यात सांगतो, कारण ते थोर काम आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ६२ वर्षांच्या रिचर्ड स्लेमन यांना जनुकं बदललेल्या डुकराची किडनी बसवली. त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल होते. माणसाचं शरीर ज्यांच्यावर तुटून पडतं अशा साखरेच्या खुणा बनवणारी तीन जनुकं काढली, माणसाची सात घातली आणि डुकराच्या डीएनएतच लपलेले ५९ विषाणू निकामी केले. स्लेमन दोनएक महिन्यांनी वारले, पण किडनीमुळं गेल्याचं काही दिसलं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढं २०२५ मध्ये टिम अँड्र्यूज यांच्या शरीरात अशीच किडनी २७१ दिवस चालली. माझ्याकडं आठवड्यातून दोनदा-तीनदा येणाऱ्या माणसांकडं बघून मला या बातमीचं मोल कळतं. पण तुमच्या आई-वडिलांच्या किडन्या अजून चालू असतील, तर त्या राखणं हेच काम आहे.

आता फडाकडं येऊ. २००२ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हाडोर देशातल्या डॉक्टरांनी लिहिलं की त्यांच्याकडं किडनी निकामी होऊन येणाऱ्या बऱ्याच माणसांना ना शुगर आहे, ना आणखी काही ओळखीचं कारण. बहुतेक पुरुष, किनारपट्टीच्या सखल भागातले, शेतात राबणारे. मग शेजारच्या निकाराग्वातही तेच दिसलं, आणि तिथं ऊसतोड कामगार सगळ्यात पुढं. तीस-पस्तीस वर्षांची माणसं जात होती. आपल्याकडं आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागातही असाच कारण न सापडलेला आजार आहे. कीटकनाशकं, जड धातू, पाणी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला, अजूनही शोध चालू आहे. पण मध्य अमेरिकेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: ऊन, घाम आणि अंगातलं पाणी तुटणं.

मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते २०१४ मधलं उंदरांवरचं एक संशोधन. उंदरांना रोज उष्णतेत ठेवून त्यांच्या अंगातलं पाणी कमी केलं. एका गटाला दिवसभर पाणी दिलं, दुसऱ्याला दिवसाचा ताप संपल्यावर रात्री. चोवीस तासांचं पाणी दोघांना सारखंच. तरी रात्री पाणी मिळालेल्या उंदरांच्या किडन्यांना इजा झाली. कारण असं, की पाणी तुटलं की किडनी स्वतःच्या आतच ग्लुकोजपासून फ्रुक्टोज नावाची साखर बनवते आणि ती जाळताना तिच्या बारीक नळ्या दुखावतात. फ्रुक्टोज जाळणाऱ्या एन्झाइमचं जनुकच ज्या उंदरांत नव्हतं, ते या इजेतून वाचले.

हे वाचलं तेव्हा मला दादा डोळ्यांसमोर आले. पहाटे चारला फडात जायचे, दुपारपर्यंत मोळ्या बांधायचे, एक घागर दहा कोयत्यांत. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आले की उभ्यानं दोन तांबे रिचवायचे आणि म्हणायचे, "झालं, भरून निघालं." उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून मला सांगाल आणि ते बरोबरच आहे. पण आई-वडिलांना एकच वाक्य सांगायचं ठरलं, तर मी हेच सांगेन: रात्रीच्या तांब्यानं दुपारची तहान भरून निघत नाही.

उपाय काय केला, हे तर जरूर वाचण्यासारखं आहे. एल साल्व्हाडोरमध्ये एका तुकडीसाठी फडाबरोबर हलवता येईल असा सावलीचा मंडप दिला, पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी दिली, ठरलेल्या वेळी विसावा दिला आणि कोयताही सुधारून दिला. पाणी पिण्याचं प्रमाण वाढलं, उन्हाचे त्रास कमी झाले, आणि माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. नवा कोयता होता, त्यामुळं सगळं श्रेय सावलीला देता येणार नाही. पण विसाव्यानं काम बुडतं हे मुकादमाचं म्हणणं त्या फडात तरी टिकलं नाही. पुढं निकाराग्वात एका मोठ्या कारखान्यावर अशीच पद्धत काही हंगाम राबवली, तिथं हंगामात किडनीला इजा होणाऱ्यांचं प्रमाण उतरलं.

आपलं आणि त्यांचं सगळं सारखं नाही. तिकडं ऊस जाळून तोडतात. त्या राखेतले सिलिकाचे बारीक कण किडनीत जातात का, हेही तपासलं जातंय. आपल्याकडं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, जनावरांना लागतं, म्हणून ऊस बहुतेक हिरवाच तोडतात. आपला हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, म्हणजे पहिले दोन-तीन महिने थंडीचे. खरा ताप फेब्रुवारीनंतर, आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी आलं की मराठवाड्याचा ४२ अंशांचा उन्हाळा समोर असतो. तेव्हाही कुणी घरी बसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२४ च्या अहवालात जगभरात कामाच्या ठिकाणच्या उष्णतेशी जोडलेला किडनीचा जुनाट आजार असलेल्यांचा अंदाज २ कोटी ६२ लाख दिलाय. त्या आकड्यात आपले किती, हे मोजायला रक्त तपासणारा कुणी आपल्या टोळ्यांपर्यंत यायला हवा. ते काम तुमच्या पिढीनं हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आईबद्दल वेगळं लिहितो, कारण संशोधनातली माणसं बहुतेक पुरुष आहेत. फडात बाईला आडोसा नसतो. माझी माय म्हणायची, "पाणी पेलं की जावं लागतंय, आन् जावं कुठं?" म्हणून ती प्यायचीच नाही. अशा बाईला "भरपूर पाणी प्या" असं सांगून आरोग्यशिक्षण होत नाही. चार बांबू आणि एक जुनी साडी लावून फडाच्या कडेला आडोसा केला, तर बायका पाणी पितात. माझ्या मामाच्या टोळीत एका हंगामात हे केलं होतं आणि उन्हाळी लागल्याची, म्हणजे लघवीला जळजळ होण्याची, तक्रार कमी झाली असं माझी मामी सांगते. हे संशोधन नव्हे, घरातली गोष्ट आहे.

दुसरं, गर्भपिशवीचं. २०१९ साली बीडचा हा विषय देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आता याच्या शेजारी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं २०१८ मधलं संशोधन ठेवा. पाळी जायच्या आधी, पन्नाशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्या १,६५३ बायकांची तुलना त्याच वयाच्या इतर बायकांशी केली. अंडाशयं काढलेल्यांत पुढं किडनीचा जुनाट आजार जास्त निघाला. हा निष्कर्ष अंडाशयांबद्दल आहे, नुसत्या पिशवीबद्दल नाही. म्हणून आईचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशयंही काढलीत का ते डॉक्टरांना वाचायला सांगा. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी बायकांना आपलं नेमकं काय काढलं हेच माहीत नसतं. याचा मला अजूनही राग येतो.

अंगदुखीच्या गोळ्यांवर मी थांबून लिहिणार आहे, कारण माझ्या घरातलं नुकसान इथं झालं. कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानातून दादा रोज संध्याकाळी दोन गोळ्या घ्यायचे, पुडीत बांधलेल्या, नाव नसलेल्या. पाठ जड झाली की आणखी एक. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीत जाणारं रक्त कमी करतात. अंगात पाणी भरपूर असेल तर शरीर ते सावरून घेतं. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाची किडनी आधीच कमी रक्तावर चाललेली असते, त्यात ही गोळी पडली की दुहेरी मार बसतो. दादांना उलट्या सुरू झाल्या, आम्हाला वाटलं पित्त. तालुक्याला नेलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, ९ च्या वर होतं. कुणी एकानंही त्याआधी त्यांना सांगितलं नव्हतं की दुखण्याच्या गोळीचा किडनीशी संबंध आहे.

थंड पेयांचंही तसंच. २०१९ मध्ये अमेरिकेत बफेलो विद्यापीठात बारा धडधाकट माणसांना उष्ण खोलीत चार तास काम करायला लावलं, एकदा पाणी देऊन आणि एकदा गोड कॅफिनयुक्त थंड पेय देऊन. पेय घेतलं तेव्हा किडनीला ताण पडल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. माणसं बाराच, म्हणून फार मोठं बोलू नये. पण दुपारी ट्रॉली भरताना पोरं थंड पेयाची बाटली फिरवतात, तिथं साधं पाणी किंवा मीठ घातलेलं ताक बरं. उन्हातल्या कामात दर १५-२० मिनिटांनी एक पेला, हे प्रमाण धरा. एका तासात दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नये; फार पाणी एकदम पिणंही वाईट. आणि लघवीचा रंग बघायला शिकवा. कोऱ्या चहासारखी गडद झाली की कोयता खाली ठेवून सावलीत बसायचं.

बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं किडनी जाते का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नुसत्या क्षारानं किडनी गेली असं मी म्हणणार नाही. पण फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५, नायट्रेटची ४५. जास्त फ्लोराइडनं लेकरांचे दात आणि हाडं बिघडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं २०२४ मध्ये १.५ च्या वरच्या फ्लोराइडचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो असंही म्हटलंय.

आता तपासणी. दोघांचं रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि बीपी, एवढं टोळी निघायच्या आधी करा आणि पट्टा पडल्यावर पुन्हा करा. रिपोर्टवरच्या "नॉर्मल" शब्दावर जाऊ नका. बऱ्याच लॅबच्या कागदावर १.२ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. ४५ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.२ असेल, तर हिशोबानं तिचा ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज, ५७ च्या आसपास येतो. तीन महिन्यांनीही तो ६० च्या खालीच राहिला तर जुनाट आजार धरतात. आपली माणसं वाळलेली, अंगावर मांस कमी, म्हणून क्रिएटिनिनही मुळात कमी बनतं. त्यामुळं आकडा फसवतो. डॉक्टरांना ईजीएफआर काढायला सांगा.

आणि बिघाड निघाला तरी हात टेकायची गरज नाही. डॅपाग्लिफ्लोझिन ही शुगरची म्हणून आलेली गोळी. २०२० मध्ये किडनीच्या ४,३०४ रुग्णांवर तिची चाचणी झाली, त्यात शुगर नसलेलेही होते. किडनी ढासळणं, निकामी होणं किंवा किडनी वा हृदयाच्या आजारानं मृत्यू, हे सगळं मिळून ३९ टक्क्यांनी कमी झालं. तिच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनची ६,६०९ जणांवर झालेली चाचणी २०२२ मध्ये आली, तिचा निकालही तसाच चांगला. आपल्या देशात पहिलीचं पेटंट २०२० मध्ये संपलं, दुसरीचं मार्च २०२५ मध्ये. साठ रुपयांच्या आसपासची ही दुसरी गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. माझ्या दादांच्या वेळी हे हातात नव्हतं. या जातीची गोळी लघवी वाढवते, म्हणून उन्हात राबणाऱ्यानं ती डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगूनच घ्यावी, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर बंद ठेवायची का ते आधीच विचारून ठेवावं.

तुमच्या गावातल्या त्या दोघांच्या घरी जाऊन एवढं विचारा: किती हंगाम तोडीला गेले, गोळ्या कोणत्या घ्यायचे, पहिलं क्रिएटिनिन कधी तपासलं. वहीत लिहून ठेवा आणि इथं कळवा. मी माझ्याकडच्या रुग्णांना हेच तीन प्रश्न विचारतोय, नावं न लिहिता. माझ्या वहीत सध्या अकरा जण झालेत, त्यातल्या आठ जणांचं पहिलं क्रिएटिनिन डायलिसिस लागलं त्याच आठवड्यातलं आहे.