जवळ जाऊ की लांब राहू?

प्रश्न : दादा, जय ख्रिस्त. मी इंदूरहून लिहितेय. २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊनमुळे सगळं बंद आहे, सासूबाई वरच्या मजल्यावर एकट्या, त्यांना शुगर आहे आणि माझे मिस्टर कोविड वॉर्डात ड्यूटी करतात, म्हणून डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची आणि खाली यायचं. १० एप्रिलला गुड फ्रायडे, त्या आत एकट्याच प्रार्थना करत होत्या आणि मी जिन्यात रडत होते. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, मग आम्ही कसले ख्रिस्ती?

उत्तर : ताई, ती गोष्ट बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात आहे, पण आपण सगळे ती हात लावला तिथेच थांबवतो. ४५वं वचन वाचा ना. बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो आणि मग येशूलाच उघडपणे गावात जाता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. रोगामुळे गावाबाहेर राहणारा माणूस आत आला आणि त्याला आत आणणारा बाहेर पडला. हात लावला त्याची किंमत येशूने स्वतः दिली, आणि मला वाटतं सगळं इथेच आहे, कारण आज तुम्ही वर जाऊन आईंना मिठी मारलीत तर किंमत तुम्ही नाही, त्या देतील. लक्षण दिसत नसलं तरी माणूस हा व्हायरस दुसऱ्याला देऊ शकतो. आणि तुमचे मिस्टर? ते रोज पेशंटला हात लावतात आणि म्हणूनच स्वतःच्या आईच्या दाराबाहेर उभे आहेत. कसले ख्रिस्ती म्हणता, असले ख्रिस्ती!

लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी तर लांबच उभे होते, तरी बरे झाले.

पण लांब राहणं म्हणजे बेल वाजवून पळणं नव्हे हो, एकटेपणानेही म्हातारं माणूस खचतं. २७ मार्चला पोप फ्रान्सिस रिकाम्या सेंट पीटर चौकात पावसात प्रार्थनेला उभे होते, समोर गर्दी नाही, आणि जगभर लोक टीव्हीवर त्यांच्यासोबत. तुमच्याकडे तर नुसता एक जिना आहे. मास्क लावा, खालच्या पायरीवर खुर्ची टाका, आईंना दाराच्या आत बसवा, फोन स्पीकरवर ठेवून रोज संध्याकाळी बायबलमधलं एक स्तोत्र म्हणा. सुरुवात २३व्याने करा, ते त्यांना पाठ असेल, आणि आधी त्यांना म्हणू द्या.