‘मुलाखत घेतली’ की ‘संवाद साधला’?

प्रश्न पुण्यातल्या स्त्री-अभ्यासाच्या एका विद्यार्थिनीचा. घरकामगार बायकांवरच्या प्रबंधात तिने ‘मुलाखती घेतल्या’ लिहिलं. मार्गदर्शकांनी ते खोडून ‘संवाद साधला’ केलं, कारण स्त्रीवादी संशोधनात ‘घेणं’ बसत नाही म्हणे. हे बरोबर का? आणि मुलाखत देणारीला ‘उत्तरदाती’ म्हणावं का?

‘संवाद साधला’ तेवढं नको हो! मंत्री येतात, पाऊण तास एकटेच बोलतात आणि सकाळी पेपरात बातमी: ‘नागरिकांशी संवाद साधला’. शिवाय ‘विसंवाद’ आठवा. म्हणजे संवादात मुळात एकमत गृहीत आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं प्रबंधवालीशी पटायलाच हवं, हा कुठला नियम?

खरी मजा ‘मुलाखती’त आहे. मूळ अरबी ‘मुलाक़ात’, फारसीतून आपल्याकडे आलेला. वक़्तचा वखत झाला तसाच इथेही क़चा ख. अरबीत धातू ठरावीक साच्यांत घालून शब्द घडतात; ‘मुलाक़ात’च्या साच्यात घातला की क्रियेला सहसा समोर दुसरं कुणीतरी लागतं. मुकाबला, मुशायरा, मामला ही याच साच्यातली भावंडं. एकट्याने मुकाबला करून दाखवा! मुलाखत म्हणजे एकमेकांना भेटणं. तुरुंगातली ‘मुलाकात’ अजून तीच आहे. जुन्या पत्रांतही मुलाखत ‘होते’. तिला ‘घेणे’ चिकटलं ते परीक्षा, जबानी, झडती यांच्या पंगतीला बसून, असा माझा पक्का कयास आहे. ‘परका शब्द, म्हणून कोरडा’ म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांनी हा साचा एकदा उघडून बघावा.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली १९८१ साली वेगळ्या वाटेने इथेच पोचल्या. लंडनमध्ये त्या आई होऊ घातलेल्या बायकांच्या मुलाखती घेत होत्या, तर बायकांनी त्यांनाच ८७८ प्रश्न विचारले. पाठ्यपुस्तकांचा सल्ला होता, उत्तर टाळा. ओकलींनी उत्तरं दिली. देवाणघेवाणीशिवाय जवळीक नाही, हा त्यांचा मुद्दा. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञच असलेल्या जेनेट फिंच यांनी १९८४ मध्ये त्यात खडा टाकला: या जवळिकीतच बायका भरभरून सांगून बसतात आणि ते त्यांच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. ‘संवाद’ म्हटलं की हा धोका दिसेनासा होतो.

तेव्हा ‘मुलाखत’ हेच नाम ठेवा. त्या बायकांनी तुम्हाला उलट काही विचारलं असेल, तर ‘मुलाखती झाल्या’ लिहा आणि त्यांचे प्रश्नही छापा. विचारलं नसेल, तर ‘घेतल्या’ हेच खरं. पदवीही तुम्हीच घेणार आहात.

‘उत्तरदाती’ राहिलंच. ते सर्वेक्षणाच्या फॉर्मात शोभतं.