स्पीकर बदलले तरी टकटक तीच

प्रश्न : घरच्या संगणकावर (विंडोज ११) गाणी ऐकताना दर थोड्या वेळाने 'टक्‌, टर्र' असा आवाज येतो. स्पीकर बदलले, वायर बदलली, साउंड ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा टाकला. संगणक रात्री बंद करून सकाळी सुरू केला तर फरक पडत नाही. रीस्टार्ट केला की मात्र एखादा दिवस बरा जातो. साउंड कार्ड बदलावं का?

उत्तर : कृपा करून इतक्यात बदलू नका. तुमचं शेवटून दुसरं वाक्य फार मोलाचं आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर यंत्रणेचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि एखादं उपकरण यांना जोडणारे छोटे प्रोग्राम, खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतात ते 'रीस्टार्ट'ने. म्हणजे बिघाड एखाद्या ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता जास्त. सैल वायर रीस्टार्टने दिवसभर सुधारत नाही.

आता तो ड्रायव्हर आवाजाचाच असेल असं धरून चालू नका. मी तिथेच आठ दिवस घालवले होते. रात्री कथावाचन रेकॉर्ड करायला बसायचे आणि ऐकताना मध्येच टक्‌. शेवटी डिस्कवर साठवलेलं एक लांब गायन लावलं आणि वाय-फाय बंद केलं. अर्धा तास एकही टक्‌ नाही. वाय-फाय चालू केलं, पाच मिनिटांत हजर!

असं का होतं? आवाज सेकंदाला साधारण ४८,००० नमुन्यांनी बनतो आणि विंडोज तो सहसा १० मिलिसेकंदांच्या, म्हणजे ४८० नमुन्यांच्या घासाने पुढे सरकवतं. एक घास संपण्याआधी दुसरा तयार हवा. त्याच वेळी वाय-फायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला, तर घास चुकतो आणि तेवढी फट कानाला लगेच कळते.

तुम्हीही हीच चाचणी करा, पण गाणं इंटरनेटवरून नको, डिस्कवरचंच हवं. मग कोणता ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो ते दाखवणारं 'लेटन्सीमॉन' हे साधन उतरवून घ्या. घरगुती वापरासाठी ते मोफत आहे. गाणं चालू ठेवून ते वीसेक मिनिटं चालवा आणि 'ड्रायव्हर्स'च्या यादीत सगळ्यात जास्त वेळ कोण घेतंय ते बघा. 'एनडीआयएस' हे नाव सगळ्यात वर दिसलं तर नेटवर्ककडे वळा. ते नाव विंडोजमधल्या नेटवर्कच्या सामायिक भागाचं आहे. दोषी बहुधा त्याच्या आडचा वाय-फाय किंवा लॅनचा ड्रायव्हर असतो. तो संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घ्या. माझा त्रास त्यानेच गेला.

तीन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा कळलं की विंडोज अपडेटने ड्रायव्हर परस्पर बदलला होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे. त्याने आधीचा परत मिळाला. तेव्हापासून चांगल्या चालणाऱ्या ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्ती मी वहीत लिहून ठेवते.

स्पीकर यूएसबीचे असतील तर हबमधून काढून थेट संगणकाला लावून बघा. फास्ट स्टार्टअप 'पॉवर ऑप्शन्स'मधून बंद करता येतं, पण त्याने त्रास फक्त पुढे ढकलला जातो, मूळ जात नाही.

यादीत पहिलं नाव कोणाचं आलं ते मला जरूर कळवा. कार्डाचं त्यानंतर बघू.