सार्वभौम एकाहून अधिक असू शकतात का?

प्रश्न असा आला: "'युरोपीय महासंघात सदस्य देशांच्या स्वायत्ततेवर गदा' असं वाचलं. स्वायत्तता आणि सार्वभौमत्व एकच ना? आणि महासंघ म्हणायचं की संघ?"

एकच नाहीत! ही सरमिसळ रोज कानावर पडते, म्हणून जरा ठासून सांगतो. स्वायत्तता नेहमी कुणाच्या तरी छत्राखाली असते, सार्वभौमत्वाला वर कुणी नसतं. डेन्मार्कच्या राज्यातला ग्रीनलंड स्वायत्त आहे. तिथल्या लोकांनी १९८२ मध्ये युरोपीय समुदायातून (आजच्या संघाच्या पूर्वावतारातून) बाहेर पडण्याचा कौल दिला, पण त्यासाठी करारात बदल करून घ्यायला डेन्मार्कलाच पुढे व्हावं लागलं, आणि सुटका झाली १९८५ मध्ये. ब्रिटन सार्वभौम. त्याने २९ मार्च २०१७ रोजी संघाच्या करारातल्या कलम ५० खाली बाहेर पडण्याचं पत्र आपलं आपण दिलं. निघण्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

'आयत्त' म्हणजे अधीन, ताब्यातला. स्व + आयत्त, आपल्याच ताब्यातला. एवढं पुरे, कारण खरी मौज 'सार्वभौम'मध्ये आहे.

सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम. पाणिनीने 'तस्येश्वरः' या सूत्रात त्याची सोय केली आहे. प्रत्यय लागताना दोन्ही पदांची वृद्धी होते, सर्वचं सार्व आणि भूमीचं भौम. पारलौकिक, आधिदैविक हे त्याच घराण्यातले. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश तर त्याला चक्रवर्तीच्या शेजारी बसवतो: 'चक्रवर्ती सार्वभौमो नृपोऽन्यो मण्डलेश्वरः'. अख्ख्या पृथ्वीचा तो सार्वभौम, बाकीचे आपापल्या मंडळापुरते. मग २७ देशांच्या युरोपीय संघात २७ सार्वभौम कसे मावतील?

इथेच काही जाणकार 'हा शब्दच टाका आणि हिंदीतली संप्रभुता घ्या' म्हणतात. मला हे साफ नामंजूर आहे. प्रभू म्हटला की त्याच्यापुढे दास उभा राहतो. सार्वभौममध्ये दास नाही, भूमी आहे. शिवाय या मंडळींनी अमरकोशाची आधीची पानं उलटलेली दिसत नाहीत. तिथे आठ दिग्गजांची, म्हणजे आठ दिशांना पृथ्वी पेलणाऱ्या हत्तींची नावं आहेत: ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद, अंजन, पुष्पदंत, सार्वभौम, सुप्रतीक. सार्वभौम हा सातवा, उत्तर दिशेचा! आपल्या दिशेला तो एकटा उभा, पण पृथ्वीचा भार आठांनी मिळून पेललेला. त्यामुळे 'सार्वभौम'ला शेजारी चालतात असं मी मानतो, आणि ते मानायला मला कुठल्याही परकीय शब्दाची गरज वाटत नाही.

युरोपचा व्यवहार या चित्राशी किती जुळतो ते बघा. जकात आणि परदेशांशी व्यापारी करार हे संपूर्ण संघाचं काम. राष्ट्रीय सुरक्षा मात्र ज्या त्या देशाची एकट्याची, तसं करारातच लिहिलंय. कराच्या प्रश्नांवर एकमत लागतं, म्हणजे ५ लाखांहून थोड्याच अधिक वस्तीचा माल्टाही ठराव अडवू शकतो. पण पुष्कळशा इतर बाबतींत २७ पैकी १५ देश आणि ६५ टक्के लोकसंख्या एका बाजूला आली की उरलेल्यांना निर्णय पाळावा लागतो. संघाच्या न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलं होतं की सदस्यांनी आपले सार्वभौम हक्क मर्यादित क्षेत्रांपुरते आवरते घेतले आहेत. आवरते घेतले, गमावले नाहीत! जे आवरतं घेता येतं ते मुळात आपलं असावं लागतं. म्हणून त्या बातमीत 'सार्वभौमत्वावर गदा' म्हटलं असतं तर निदान वाद घालता आला असता. 'स्वायत्तता' लिहून २७ देशांना एका फटक्यात ग्रीनलंडच्या रांगेत बसवलं.

आणि कृपा करून 'सार्वभौमत्त्व' लिहू नका. महत् + त्व म्हणून महत्त्वाला दोन त. सार्वभौम + त्व, इथे दुसरा त आणणार कुठून? स्वायत्तमध्ये दोन आहेत, कारण ते 'आयत्त'मधूनच येतात.

महासंघ की संघ? संघ. संघांचा संघ असेल तर महासंघ म्हणावं, इथे सदस्य देश आहेत.