सांगली-मिरजेपेक्षा छोटा देश विश्वचषकाला कसा गेला?

मैदानावरून : वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

प्रश्न : सर, माझी तासगावजवळ द्राक्षबाग आहे. मुलगा सहावीत आहे आणि त्याला फुटबॉलचं वेड आहे. आइसलँडसारखा तीन-साडेतीन लाख लोकांचा देश विश्वचषक खेळून आला, असं तो मला सारखं ऐकवतो. आमच्याकडं पारावर लोक म्हणतात, ती माणसं धिप्पाड, हवा थंड, पैसा भरपूर. आपल्याला ते जमायचं नाही. हे खरं आहे का? आणि मुलाला आत्ताच पुण्याच्या निवासी अकॅडमीत घालावं का?
– एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचा निर्णय त्यावर अडलाय. घालू नका. अजून चार-पाच वर्षं पोराला घरी राहू द्या, घरचं जेवू द्या. का, ते पुढं येईलच.

आता आइसलँड. आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका 2011 च्या जनगणनेतच पाच लाखांवर गेली होती. आइसलँडचा पुरुष संघ 2016 मध्ये पहिल्यांदा युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला गेला, तेव्हा त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या तीन लाख तीस हजारांच्या आसपास होती. त्यातून बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं वजा करा, म्हणजे संघ निवडायला किती जण उरले ते कळेल.

पारावरच्या मंडळींना एवढंच विचारा की थंडी आणि उंची तिथं पिढ्यान् पिढ्या आहे, मग 2012 मध्ये हाच संघ फिफाच्या जागतिक क्रमवारीत 131 वा कसा होता? 2018 च्या सुरुवातीला तो 18 वा झाला. सहा वर्षांत कुठल्या देशातल्या माणसांची उंची वाढत नाही. उलट थंडी हीच त्यांची मोठी अडचण होती. हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा, वारा असा की उंच मारलेला चेंडू भलतीकडंच जायचा. वर्षातले बरेच महिने मैदान खेळण्याजोगं नसायचं. म्हणून 2000 सालापासून तिथल्या नगरपालिकांनी पूर्ण आकाराची मैदानं छपराखाली घेतली. पहिलं केफ्लाविक गावात झालं. शिवाय शाळांच्या शेजारी कृत्रिम गवताची शंभरावर छोटी मैदानं केली. शाळा सुटली की पोरं थेट तिथं.

याला पैसा लागतो, हे पारावरचं म्हणणं मला मान्य आहे. छपराखालचं मैदान आपल्याला परवडणार नाही. पण आपली अडचण थंडी नाही, काळी माती आहे. जूनमध्ये एक मोठा पाऊस झाला की आमच्या मिरजेच्या मैदानावर बूट घोट्यापर्यंत रुततो आणि उचलला की तळाला चिखलाचा गोळा घेऊनच वर येतो. सुब्रोतो चषकाच्या, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेच्या फेऱ्या नेमक्या पावसाळ्यातच. पोरं पास द्यायला जातात आणि चेंडू दोन हातांवर थबकतो. यावर उपाय आहे. मैदान मध्यावर थोडं उंच, दोन्ही बाजूंना उतार, कडेनं चर, वर मुरूम आणि रोलर. तुम्ही बागायतदार आहात, निचरा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे.

तरीही माझ्या मते खरं काम मैदानानं केलं नाही, शिकवणाऱ्यांनी केलं. आइसलँडमध्ये सहाशेहून अधिक जणांनी युरोपीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकाचा बी दर्जाचा परवाना घेतला. साधारण पाच-साडेपाचशे माणसांमागे एक प्रशिक्षक. आणि हे शिकलेले लोक पाच-सहा वर्षांच्या पोरांना शिकवतात, तेही पगार घेऊन. आपल्याकडं बरोबर उलटं. चांगला कोच सीनियर संघाला आणि लहानग्यांना जो मोकळा असेल तो.

कुठल्याही शाळेत दहा वर्षांखालच्या पोरांचा खेळ बघा. मोठ्या मैदानावर वीस जणांचा घोळका चेंडूमागं, गोलकीपर खाली बसून गवत उपटतोय, आणि बाहेरून पालक ओरडतायत, ‘मार, लांब मार!’ दोन दांडगी पोरं सोडली तर कुणाचा पाय चेंडूला लागत नाही. त्याच मैदानाचे चार भाग करा, चपलांचे गोलपोस्ट करा, चार विरुद्ध चार खेळवा. आता चेंडू प्रत्येकाच्या पायात फिरून फिरून येतो आणि गवत उपटणारं पोरगंही पळायला लागतं. एवढं करायला एकही रुपया लागत नाही, पण हे करायचं असतं हे माहीत असलेला माणूस लागतो. आपल्या फुटबॉल महासंघाचा कोचसाठी डी लायसन्सचा प्राथमिक कोर्स आहे. तालुक्यातल्या दहा तरुण शिक्षकांनी तो केला तर मला स्टेडियम झाल्याहून जास्त आनंद होईल.

दुसरी गोष्ट, तिथं पोरांना लवकर गाळत नाहीत. क्लबात अ, ब, क असे संघ असतात आणि सगळ्यांना शिकवणं सारखंच मिळतं. राजधानी रेक्याविकमध्ये तर खेळाच्या फीसाठी नगरपालिकाच प्रत्येक मुलामागं वर्षाला ठरावीक रक्कम देते. तिथली मुलं आपल्या घरी राहतात, गावच्या शाळेत जातात आणि शेजारच्या क्लबात खेळतात. परदेशी क्लबांत जायचं ते सोळा-सतराव्या वर्षाकडं. अकरा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात नको म्हणतो, ते यासाठी.

आणि त्याला कबड्डी, खो-खोही खेळू द्या. दुसरा खेळ कसा कामी येतो ते बघा. 27 जून 2016 ची, युरोमधली आइसलँडची इंग्लंडविरुद्धची फ्रान्समधल्या नीसची मॅच मुलाला दाखवा. चौथ्या मिनिटाला इंग्लंडच्या रूनीनं पेनल्टीवर गोल केला. दोनच मिनिटांत आइसलँडला उजव्या बाजूनं थ्रो-इन मिळाला. कर्णधार आरोन गुन्नार्सननं चेंडू हातानं थेट गोलसमोर टाकला, आर्नासननं डोक्यानं पुढं सरकवला आणि रॅग्नर सिगुर्डसननं धावत येऊन आत घातला. अठराव्या मिनिटाला सिग्थोर्सननं दुसरा केला आणि इंग्लंड 2-1 नं हरून घरी गेलं. हा गुन्नार्सन लहानपणी हँडबॉलही खेळायचा आणि त्याचा भाऊ तर देशाकडून हँडबॉल खेळला. तो लांब थ्रो उगाच आलेला नाही.

त्या संघातली माणसंही बघा. स्वीडनच्या लार्स लागरबेकच्या जोडीनं प्रशिक्षक होता हाइमिर हाल्ग्रिमसन. चारेक हजार वस्तीच्या बेटावरचा दातांचा डॉक्टर. घरच्या मॅचआधी तो समर्थकांकडं जाऊन संघ आणि डावपेच आधीच सांगायचा आणि ते बाहेर फुटायचं नाही. मला या एका गोष्टीचं फार कौतुक वाटतं. 2018 च्या विश्वचषकाला तो एकटाच मुख्य प्रशिक्षक होता. 16 जूनला मॉस्कोत अर्जेंटिनाशी 1-1 बरोबरी झाली, त्यात मेस्सीची पेनल्टी अडवली हान्नेस हाल्डोर्सननं. तो धंद्यानं फिल्म दिग्दर्शक. मेस्सी पेनल्टी कशा मारतो याचा त्यानं आधी अभ्यास केला होता. उजवीकडं झेपावला आणि दोन्ही हातांनी चेंडू बाहेर काढला.

पुढं त्यांना नायजेरिया आणि क्रोएशियानं हरवलं. 2022 आणि 2026 च्या विश्वचषकाला पुरुष संघ पात्र ठरला नाही. छोट्या देशात एक चांगली पिढी संपली की दुसरी तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून त्यांची पद्धत चुकली असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : विश्वचषकाला पोचलेला सगळ्यात छोटा देश आता आइसलँड राहिला नाही, हे खरं का?
– कॉलेज विद्यार्थी, कराड

उत्तर : खरं आहे. 2006 मध्ये हा मान त्रिनिदाद-टोबॅगोकडं होता, 2018 मध्ये आइसलँडकडं आला. नोव्हेंबर 2025 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओनं किंग्स्टनला जमैकाशी 0-0 बरोबरी केली आणि 2026 ची पात्रता मिळवली. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. महिनाभर आधी पाच-सव्वापाच लाखांचा केप व्हर्डेही पात्र ठरला होता.

पण कुरासाओची वाट वेगळी आहे. हे बेट नेदरलँड्सच्या राज्याचा भाग आहे आणि संघातले बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, तिथल्या क्लबांत घडलेले. आजी-आजोबांच्या, आई-बापाच्या गावासाठी ते खेळायला आले. मला ते मनापासून आवडतं. आपल्याला मात्र कुणी बाहेरून घडवून देणार नाही, त्यामुळं आपण आइसलँडकडं बघावं.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे, मुलांबरोबर फुटबॉल खेळते. नातेवाईक म्हणतात आता पुरे. शाळेत मुलींचा संघ नाही. काय करू?
– एक आई, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ताई, वर ज्या आइसलँडचं एवढं सांगितलं, तिथं मोठ्या स्पर्धेला आधी मुली पोचल्या. त्यांचा महिला संघ 2009 मध्येच युरोला गेला, पुरुषांच्या सात वर्षं आधी. मग 2013, 2017, 2022 आणि 2025, एकही युरो चुकली नाही. 2013 ला उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुरुषांची पिढी ओसरली तरी मुली येतच राहिल्या, आणि यावरून त्या देशात खालचं काम किती पक्कं आहे ते मला जास्त पटतं. तो दातांचा डॉक्टर हाइमिरसुद्धा आधी आपल्या बेटावरच्या क्लबच्या महिला संघाचा प्रशिक्षक होता. त्यांची तेव्हाची कर्णधार सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर 2020 मध्ये फ्रान्सच्या लियाँ क्लबकडून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली आणि अंतिम सामन्यात तिनं गोलही केला. हे नातेवाइकांना सांगा.

मुलांबरोबरचा सराव थांबवू नका. वेग आणि अंगावर येणाऱ्या खेळाडूची सवय तिथंच होते. शाळेच्या संघासाठी मुख्याध्यापकांना भेटा. सुब्रोतो चषकात 17 वर्षांखालील मुलींचा वेगळा गट आहे आणि शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं नाव द्यायचं असतं. जाताना आणखी दोन-तीन मुलींच्या आयांना बरोबर घ्या. पोरी गोळा करायला क्रीडाशिक्षकांना कबड्डी आणि खो-खोच्या संघांत बघायला सांगा. पळणाऱ्या, न घाबरणाऱ्या मुली तिथं आहेतच, पायानं चेंडू थांबवायला त्या महिन्याभरात शिकतात. जन्माचा दाखला आणि आधारकार्ड आत्ताच तयार ठेवा, ऐनवेळी कागदापायी पोरगी बाहेर बसायला नको.